वाडीतली भाड्याची खोली

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी विमानं उडू लागली. पाठोपाठ जानेवारीत अटल सेतूला दोन वर्षं पूर्ण झाली. रायगडातल्या जमिनींच्या जाहिरातींना आणखी काय हवं? अलिबाग मुंबईपासून किती मिनिटांवर आलं, हे आता प्रत्येक फलकावर मोठ्या अक्षरांत दिसतं. त्याच अलिबाग तालुक्यात बदली होऊन येणाऱ्या शिक्षिकेचा, परिचारिकेचा किंवा एसटीच्या वाहकाचा हिशेब मात्र वेगळा असतो. पगारात झेपेल अशी खोली कोणत्या गावात मिळेल आणि तिथून कामावर पोचायला एसटी आहे का, एवढंच त्यांना हवं असतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा साधा शोध फार अवघड होऊन बसला आहे.

रायगडकडे शहरी जिल्हा म्हणून पाहायची सवय पनवेलमुळे लागली. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती आणि तिच्यातले सुमारे ६३ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्याचं मुख्यालय असलेलं अलिबाग शहर तर तेव्हा जेमतेम वीस हजार वस्तीचं. त्याच जनगणनेत आणखी एक आकडा आहे, ज्याने पुढच्या सगळ्या धोरणांचं नुकसान केलं. ग्रामीण भारतातली जवळपास ९५ टक्के कुटुंबं तेव्हा स्वतःच्या घरात राहत होती आणि भाड्याने राहणारी साडेतीन टक्केही नव्हती. दिल्ली-मुंबईत बसून हा आकडा वाचणाऱ्याने खेड्यात भाडेकरू नसतोच असं धरून चालावं, यात नवल नाही. पण खेडं चालवणारी बरीच माणसं या साडेतीन टक्क्यांतलीच असतात. शाळा, दवाखाना, तलाठी कार्यालय, बँकेची शाखा, एसटीचा डेपो हे सगळं बाहेरगावाहून आलेल्या माणसांवर चालतं.

खोलीचा हा प्रश्न जमिनीशी बांधलेला आहे आणि तालुक्याचा जमिनीचा इतिहास मोठा आहे. त्यातला बराच भाग इथे ओझरता सांगितला तरी चालेल, एक प्रकरण सोडून. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध कुळांचा संप झाला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं पंचवीस गावांतल्या कुळांनी जमीन कसली नाही, उपासमार सोसली. डॉ. आंबेडकर १९३४मध्ये चरीला आले आणि १९३७मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याचं नाव सातबारावर लागलं. नंतरची दोन-तीन दशकं घरांच्या बाबतीत फारशी घडामोड नाही. मुंबईला गिरणीत गेलेल्यांच्या मनिऑर्डरीतून गावाकडच्या घरावर कौलं चढली, १९८२च्या गिरणी संपानंतर काही माणसं परत आली, थळला आरसीएफचा खत कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या कामगारांनी आजूबाजूच्या गावांत खोल्या शोधल्या आणि वाडीवाल्यांना भाडं हे उत्पन्न म्हणून दिसू लागलं.

ती खोली कशी असे, हे आज तिशीत असलेल्या अलिबागकराला सांगावं लागत नाही. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दहा बाय बाराची जागा. कोपऱ्यात मोरी, तिच्या शेजारी कडाप्प्याचा ओटा. संडास मागे, सुपारीच्या रांगा ओलांडून. पाणी विहिरीचं, पंप दिवसातून दोनदा चालू. भाडं पाच तारखेच्या आत रोख द्यायचं. करार तोंडी. नागाव, आक्षी, चौल, वरसोली, थळ, किहीम या पट्ट्यात अशा खोल्या वाडीवाडीत होत्या. ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक, तहसीलमधले कारकून, कारखान्यातले कंत्राटी कामगार यांची नोकरीची पहिली वर्षं तिथे गेली. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद झाल्या की पर्यटकांचा ओघ आटायचा, त्यामुळे वर्षभर राहणारा भाडेकरू मालकाला हवा असायचा. भाडेकरूच्या मुलांना मालकीणबाई मोदकाच्या दिवशी हाक मारायच्या. मालकाकडचं लग्न भाडेकरूच्याही घरचं असायचं. या खोल्यांमध्ये गैरसोय भरपूर होती, पण पगारात राहता येत होतं.

ही व्यवस्था मोडली ती २०१० ते २०२० या दशकात. या दशकाचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

या मोडण्याची सुरुवात त्याआधीच शेजारच्या तालुक्यांत झाली होती. पेण, उरण, पनवेलमध्ये महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या तेव्हा शेतकरी उभे राहिले. शेकापचे नेते एन. डी. पाटील त्यांच्या पुढे होते. २१ सप्टेंबर २००८ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत शासनाला जनमत घ्यावं लागलं आणि पुढच्या वर्षी तो प्रकल्प बारगळला. हा विजय खरा होता. त्याच्या सावलीत आणखी काही घडलं, ज्याबद्दल आंदोलनाच्या आठवणींत फारसं बोललं जात नाही. सेझच्या काळात गावोगावी सातबारे उघडले गेले. मुंबईला गेलेल्या बहिणी-पुतण्यांची वारस म्हणून नावं लागली, मोजण्या झाल्या, कोणाच्या नावावर किती गुंठे आहेत हे दलालांना तोंडपाठ झालं. सरकारी संपादन गेलं, ही माहिती मात्र बाजारातच राहिली. एकत्र विरोध करणारी गावं वेगवेगळ्या व्यवहारांत एकेकटी पडली. ज्याला मुलीचं लग्न करायचं होतं त्याने दहा गुंठे दिले, ज्याला गाडी घ्यायची होती त्याने पाच दिले.

कुळकायद्याच्या कलम ६३मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. चरीच्या कुळांसारख्या लोकांची जमीन पुन्हा सावकाराच्या हाती जाऊ नये म्हणून ही तरतूद होती. तिच्यातून वाट काढणं हा दलालांचा व्यवसाय झाला. कुठून तरी शेतकरी दाखला असलेली ‘पार्टी’ आणायची, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर जमीन फिरवायची, मग एनए करून प्लॉट पाडायचे. यातले बरेच व्यवहार कायद्याच्या चौकटीत बसवले गेले, म्हणून त्यांना दोष लागत नाही. पण चौदा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या गावात तरुण मुलगा वडिलांच्या घराशेजारी दोन गुंठे घेऊन घर बांधू शकत होता, त्या गावात गुंठ्याचा भाव मुंबईच्या ग्राहकाच्या खिशावरून ठरू लागला. तुकडेबंदीच्या नियमामुळे दोन-तीन गुंठ्यांची नोंदणीही अडली. एका बाजूला एकरांचे बंगले आणि दुसऱ्या बाजूला जागा नसलेला गावचाच मुलगा, हे चित्र याच दशकात पक्कं झालं.

या दशकात सर्वांत वाईट वेळ आली ती कातकरी वाड्यांवर. रायगडमधल्या बऱ्याच कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या नावच्या जमिनीवर आहेत. जुन्या मालकाला शेतात मजूर हवे होते म्हणून त्याने वाडी राहू दिली. जमीन फार्महाऊससाठी विकली गेली की नव्या मालकाला ती वाडी नको असते. आधी कुंपण येतं, मग वाट अडते, मग पाण्याचा वाद निघतो. जिल्ह्यातल्या कातकरींच्या या विस्थापनाच्या धोक्यावर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकरी कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन संशोधन केलं, पुस्तक लिहिलं. वीटभट्टीवरून पावसाळ्याआधी परतणाऱ्या कुटुंबाला आपली झोपडी जागेवर असेल की नाही हे माहीत नसणं, ही घराच्या प्रश्नातली सर्वांत खालची पायरी आहे. तिच्याबद्दल विधानसभेत जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं कधी बोललं गेलं नाही.

भाड्याच्या खोलीचं मरण मात्र हळूहळू आलं आणि त्यात वाडीवाल्याला खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. नारळ-सुपारीच्या उत्पन्नावर घर चालेनासं झालं होतं. निवास-न्याहारीच्या योजनेतून काहींनी एक-दोन खोल्यांना टाइल्स लावल्या, संडास आत घेतला, एसी बसवला. ऑनलाइन बुकिंग आलं तेव्हा हिशेब अगदी सरळ झाला. शिक्षकाकडून महिन्याला जेवढं भाडं मिळायचं, तेवढं दोन शनिवार-रविवारांत पर्यटक देऊ लागले. मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग चक्रीवादळाने सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या. सुपारीचं रोप लावून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर खायचं काय? ज्यांनी तोपर्यंत भाडेकरू ठेवला होता, त्यांनीही त्यानंतर खोल्या पर्यटकांना दिल्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोटसेवा सुरू झाली होती. लाँचवरून माणूस यायचा, रो-रोवरून गाडी आली आणि तीही पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर हे भाडेकरूच्या बाजूचे महिने होते, तेही गेले. टाळेबंदीनंतर घरून काम करणाऱ्यांनी महिना-महिना बंगले घेतले आणि पुढे विकत घेतले. सिनेमा आणि क्रिकेटमधल्या बड्या नावांच्या खरेदीच्या बातम्या आल्या, तसे शेजारच्या गुंठ्यांचे भावही वर गेले.

या सगळ्याच्या मधोमध सरकारी नोकराचा घरभाडे भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगात गावं आणि लहान शहरं शेवटच्या वर्गात टाकली गेली. तिथे भत्ता मूळ वेतनाच्या ८ टक्के होता, तो महागाई भत्त्याबरोबर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आला. नव्याने कायम झालेल्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० रुपये, म्हणजे भत्ता २,९२० रुपये. त्याआधीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढताना हाती फक्त मानधन. ते २०२३पर्यंत दरमहा ६ हजार होतं, आता १६ हजार आहे. एवढ्या पैशात मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या किनारपट्टीवर, स्वतःचं दार असलेली खोली शोधून पाहावी. खोली मिळते ती दोघा-तिघांत, नाहीतर पोयनाडच्याही पलीकडे, आणि मग रोजच्या प्रवासाचा खर्च वेगळा.

तरीही २०२२च्या ऑगस्टमध्ये विधानसभेत शिक्षकांवरच ठपका आला. मुख्यालयी न राहता घरभाडे उचलतात, असा गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांचा आरोप होता. त्यात तथ्य असलेली उदाहरणं राज्यात नक्कीच आहेत. २०१९च्या शासन निर्णयाने मुख्यालयी राहण्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची अटही आधीच घातली होती. पण त्या गदारोळात मुख्यालयात राहायला घर आहे का, हा प्रश्न कोणी लावून धरला नाही. शिक्षक संघटनांनी मोर्चे काढले ते अपमानाविरुद्ध. घरांची मागणी त्यांच्याकडूनही मागे पडली. ती संधी वाया गेली, याची खंत आजही वाटते.

राज्याने २०२१मध्ये अलिबागला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा ते आरसीएफच्या कुरुळ वसाहतीत भरवावं लागलं. चाळीस वर्षांपूर्वी एका कारखान्याने कामगारांसाठी घरं बांधली होती म्हणून ही सोय झाली. त्यानंतर त्या तोलाची, नोकरदारांना भाड्याने परवडणारी वसाहत तालुक्यात कोणी उभारली नाही. २०२०मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, तीही पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागातच. ग्रामीण भागासाठी भाड्याच्या घराची कल्पनाच कागदावर नाही.

ग्रामीण भागाला मिळतं ते घरकुल. २०१६मध्ये पंतप्रधान आवास योजना-ग्रामीण सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना २०२९पर्यंत वाढवली, रक्कम तीच ठेवली. मधल्या काळात रेती, सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी यांतलं काय तेवढंच राहिलं? राज्याने २०२५मध्ये ५० हजारांची भर घातली, ती स्वागतार्ह आहे आणि अपुरीही. कोळीवाड्यातल्या कुटुंबाला तर पैसे मंजूर होऊनही सीआरझेडच्या परवानगीत आणि नावावर नसलेल्या जागेत अडकून बसावं लागतं.

आणि ज्याच्याकडे जागाच नाही, त्याच्यासाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी योजना आहे. तिच्यात पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पूर्वी ५० हजार मिळत, आता १ लाख मिळतात. पाचशे चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं कमी. अलिबाग-रेवस रस्त्यालगतच्या कोणत्याही गावात या पैशात अर्धा गुंठा देणारा मालक सापडत नाही. योजनेची रक्कम राज्यभर एकच आहे आणि ती ठरवताना सेतूच्या अलीकडचं गाव आणि गडचिरोलीतलं गाव यांत फरक केलेला नाही. तालुक्यातल्या जमिनीच्या भावाला धरून ही रक्कम बदलावी, किनारपट्टीच्या गावांचा घरभाडे वर्ग वेगळा करावा आणि गावठाण वाढवताना भूमिहीनांसाठी व भाड्याच्या घरांसाठी जागा राखून ठेवावी, या मागण्या जिल्हा परिषदेच्या सभागृहासमोर कोणीतरी लेखी मांडायला हव्यात.