उरलेले 86 टक्के

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गडचिरोली-चंद्रपूरचे कितीतरी मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले होते. गाड्या बंद पडल्या आणि अनेकांनी पायीच गावची वाट धरली. मे महिन्यात केंद्राने रोजगार हमीसाठी आधीच्या 61,500 कोटींवर आणखी 40,000 कोटी रुपये जाहीर केले. त्यावर जुनाच वाद पेटला. मंदीत सरकारने असा पैसा ओतला तर बाजार उठतो, की बोडी (लहान तळे) खोदून झाली, मजुरी खर्चली आणि विषय मिटला?

गडचिरोलीतल्या कुरखेड्यात हा वाद पुस्तकी नाही. धान निघाला की मोह-तेंदूच्या हंगामापर्यंत हाताला काम कुठले? एकतर मिरची, नाहीतर रोजगार हमीवर मजगीचे (धानाच्या बांध्या घालण्याचे) किंवा बोडीचे काम.

या प्रश्नाचा मोठा धागा सापडला तो शेजारीच, तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशात. तिथले सरकार हमीची मजुरी बोटाच्या ठशावर चालणाऱ्या स्मार्टकार्डाने देणार होते. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी सरकारला राजी केले की कोणत्या मंडळात (तालुक्याहून लहान विभागात) कार्ड आधी जाईल आणि कुठे नंतर, हे सोडतीने ठरावे. अशी 157 मंडळे अभ्यासात आली. निवडलेल्या आठ जिल्ह्यांत आपल्या सीमेला लागलेला आदिलाबादही होता.

2012 मध्ये घरोघरची माहिती हाती आली. कार्ड पोचलेल्या भागात मजुरी लवकर मिळत होती आणि वाटेत हडप होणाऱ्या पैशाची गळती 41 टक्क्यांनी घटली होती. सरकारचा खर्च मात्र जवळपास तेवढाच होता. इथवर सारे अपेक्षेप्रमाणे होते. हमीवर काम करणाऱ्या घरांची कमाई 14 टक्के वाढलेली दिसली. ही वाढ आली कुठून, हे पाहायला या तिघांनी हिशेब उलगडला आणि चित्र पालटले. वाढीतला 86 टक्के भाग हमीच्या मजुरीचा नव्हताच! तो आला होता दुसऱ्यांच्या शेतातून आणि खासगी कामांतून.

हे घडले कसे? महागाईने आकडे फुगले असतील, ही पहिली शंका. पण वस्तूंचे भाव तसे वाढलेले आढळले नाहीत. हमीचे काम खात्रीचे झाल्यावर मजूर पडेल त्या दराला राबेना, म्हणून शेतातली मजुरी चढली. मग मालकांनी माणसे कमी करायला हवी होती. झाले उलटेच, खासगी रोजगारही वाढला. जिथे जमीन थोड्यांच्या हाती होती तिथे हा परिणाम अधिक ठळक होता, म्हणजे मोजक्या मालकांनी मजुरीचा दर आधी दाबूनच ठेवलेला असणार आणि दर चढल्यावर आणखी हात कामाला आले असणार. शिवाय शेतीबाहेरचे छोटे धंदे वाढले. मजुराच्या हातातला पैसा गावातच फिरू लागल्याची ती खूण. 2023 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकाने हा शोध छापला.

महाराष्ट्राने याची झलक आधीच पाहिली होती. नेते वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव भागात हमीचा प्रयोग सुरू झाला. 1972 च्या दुष्काळात मे 1973 पर्यंत जवळपास 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे दाखवले की हातातल्या मजुरीनेच बाहेरचे धान्य दुष्काळी गावांकडे ओढून आणले.

आंध्रात तेव्हा मंदी नव्हती, म्हणून 86 हा आकडा जसाच्या तसा टाळेबंदीला लावता येणार नाही. पण माझ्या मते कौल स्पष्ट आहे. सरकारी पैसा गाव उठवू शकतो, मात्र तो गरजूच्या हाती पुरा आणि वेळेवर पडला तरच. आंध्रात रक्कम वाढली नव्हती, पोचवण्याची रीत सुधारली होती.

मजुरी पंधरा दिवसांत द्यावी, असे 2005 च्या रोजगार हमी कायद्यातच लिहिले होते. म्हणून पुढच्या वेळी हजारो कोटींची घोषणा ऐकाल तेव्हा एवढे जरूर विचारा: कुरखेड्यातल्या मजुराच्या खात्यात पैसे कोणत्या तारखेला जमा झाले?