पाहुण्या आवाजाला जागा

भजनी मंडळात पेटी, टाळ, ढोलकी रंगात आली की गाणारीचा आवाज बुडतो. मग सगळ्या तिलाच सांगतात, “ताई, मोठ्यानं म्हण.” ती घसा ताणते आणि दुसऱ्या दिवशी तिला धड बोलताही येत नाही. दोष खरंच तिच्या गळ्याचा असतो का? याचं उत्तर शोधायला आज आपण एका दूरच्या गाण्याची गोष्ट ऐकू.

अमेरिकेत ‘सन’ नावाचा एक बँड आहे. स्टीफन ओ’मॅली आणि ग्रेग अँडरसन हे दोन गिटारवादक त्याचे प्रमुख. १९९८ साली त्यांनी तो सुरू केला. ज्या कंपनीच्या यंत्रातून गिटारचा आवाज मोठा करतात, तिच्याच नावावरून बँडचं नाव ठेवलं. त्यांच्या वाजवण्यात बहुधा ताल नसतो. एकच जड सूर ते कितीतरी वेळ धरून ठेवतात. तंबोऱ्याची आठवण व्हावी असा तो सूर असतो, पण मिरजेचा तंबोरा हळुवार बोलतो आणि यांच्या कार्यक्रमात लोक कानात बोळे घालून बसतात.

२०१९ साली त्यांची ‘लाइफ मेटल’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्या पहिल्या गाण्यात पाहुणी गायिका आहे हिल्दुर गुडनादोत्तिर. ती आइसलँडची, चेलो हे मोठं तंतुवाद्य वाजवणारी आणि संगीतकार. पुढे २०२० मध्ये ‘जोकर’ चित्रपटाच्या संगीतासाठी तिला ऑस्कर मिळालं. हे गाणं साडेबारा मिनिटांचं आहे. सुरुवातीला घोडे खिंकाळतात, मग गिटारी गरजतात आणि त्या गर्जनेत हिल्दुरचा शांत, स्वच्छ आवाज येतो. ती ओरडत नाही, तरी ऐकू येते.

हे कसं जमतं? पहिलं कारण सुराची उंची. तार किंवा गळा सेकंदाला जितक्या वेळा थरथरतो, तितका सूर उंच. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. हे वादक ती आणखी सैल करून खाली उतरवतात. बाईचा बोलण्याचा आवाज असतो सेकंदाला २०० थरथरींच्या आसपास. म्हणजे गिटारी तळमजल्यावर आणि तिचा आवाज माडीवर. दोघांची धक्काबुक्की कमी होते.

दुसरं कारण म्हणजे तो स्थिर सूर. त्यात ताना नाहीत, मध्येच उड्या नाहीत. एकसारख्या आवाजाला कान सरावतो आणि त्यावर नवा आवाज आला की लक्ष तिकडेच जातं.

तिसरं कारण माइकची जागा. हे काम शिकागोत स्टीव्ह अल्बिनी यांच्या स्टुडिओत, संगणकाऐवजी टेपवर झालं. कोणता माइक कुठे ठेवायचा, यात अल्बिनी फार काटेकोर होते. स्टुडिओत वेगवेगळे आवाज टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेता येतात. मग कोणता वर ठेवायचा, कोणता खाली, हे नंतर ठरवता येतं.

आपल्याकडे स्टुडिओ नाही, पण या तिन्ही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. पट्टी पेटीवालीच्या सोयीची नको, गाणारीच्या गळ्याची धरा. शब्द सुरू झाले की ढोलकी दबत्या हातानं वाजू द्या, ओळ संपली की खुशाल उचला. मोबाइलवर गाणं घ्यायचं असेल तर तो गाणारीपासून हातभर अंतरावर ठेवा आणि ढोलकी चार पावलं मागे न्या. अंतर वाढलं की आवाज झपाट्यानं कमी होतो. वाऱ्याकडे मोबाइलचं तोंड करू नका.

एवढं झालं की ते गाणं तिथे हजर नसलेल्या एखादीला ऐकवा आणि शब्द कळले का ते विचारा. नाही कळले तर गाणारीला बोल लावू नका. आधी वाद्यं खाली घ्या आणि पुन्हा ऐकवा. पाहुणी घरी आली की आपण सरकून तिला बसायला जागा देतो. आवाजालाही तशीच जागा लागते.