टेबलाखालचा गुंता

घरातली सर्वांत अडगळीची जागा कोणती, असे पूर्वी कुणी विचारले असते तर गृहिणींनी माळ्याकडे बोट दाखवले असते. आज तो मान कॉम्प्युटरच्या टेबलाखालच्या अंधाराने पटकावला आहे. तिथे केरसुणी पोचत नाही, हात घालायचा धीर होत नाही आणि पुरुषमंडळींची नजर तर मुळीच जात नाही. दिवाळीची साफसफाई दर वर्षी तिथवर येते आणि 'वायरी आहेत, राहू दे' असे म्हणून आदराने मागे फिरते!

आमचे बिऱ्हाड डोंबिवलीला, खोल्या तीन. चिरंजीव आणि सूनबाई दोघेही आठवड्यातले काही दिवस घरूनच कचेरीचे काम करतात, आणि त्यांचे टेबल आहे माझ्या सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी. सासूबाईंचे वय ८६. रात्री दोनदा तरी त्या काठी टेकीत उठतात. यंदा श्रावणात त्या काठीचे टोक एका लोंबत्या वायरीत अडकले. पलंगाचा कठडा हाताशी होता म्हणून निभावले. पण त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी मी पदर खोचला.

आधी सगळे खटके बंद केले, आणि मग मोजदाद. सतरा वायरी निघाल्या. त्यांतल्या चार कशालाच जोडलेल्या नव्हत्या! मला हसू आले खरे, पण सर्वांत तळाशी जे सापडले त्याने ते मावळले. भिंतीच्या सॉकेटमध्ये एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात दुसरा, आणि त्या दुसऱ्यात चहाचे पाणी तापवायची विजेची किटली. पहिल्या बोर्डाची पिन एका अंगाने तपकिरी होऊन वितळू लागली होती.

हिशेब अगदी शाळकरी आहे. भिंतीवरच्या लहान सॉकेटची, आणि बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा एक्स्टेन्शन बोर्डांची मर्यादा ६ अँपिअर. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट. गुणाकार केला की १३८० वॉट. आता आमच्या टेबलावरचे दोन लॅपटॉप ६५-६५ वॉटचे, पडदा ३० च्या आसपास, राउटर दहा-पंधरा. म्हणजे सबंध कचेरी २०० वॉटांच्या आत आटोपते. किटली एकटीच १५०० ची! दिसायला भयंकर असतो तो वायरींचा गुंता, पण पिन तापवते ती ही शांत बसलेली पाहुणी. किटली, इस्त्री, हीटर यांची जागा भिंतीतल्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच. बोर्डात बोर्ड लावणेही बंद. आणखी एक : जास्त भाराची वायर वेटोळे करून बांधून ठेवू नये. मोकळ्या वायरीची ऊष्णता हवेत निघून जाते, वेटोळ्यातली आत कोंडून राहते.

आता वायरी गुंततात तरी का? 'कुणी हात लावीत नाही तरी गुंततात' असे घरोघरी म्हणतात. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोघांनी पेटीत दोरी टाकून ती पेटी गरागरा फिरवली. एकदा नव्हे, ३४१५ वेळा! सुमारे दीड फुटापेक्षा आखूड दोरीला गाठ बसली नाही. लांब दोरीला मात्र काही सेकंदांतच बसू लागली. दोरी जितकी ताठ तितक्या गाठी कमी. पुढच्याच वर्षी त्यांना 'इग नोबेल' हे आधी हसवणारे आणि मग विचारात पाडणारे पारितोषिक मिळाले. खणात कोंबलेल्या चार्जरच्या वायरींना हे तंतोतंत लागू. टेबलाखालची गोष्ट जराशी निराळी. दोन्ही टोके अडकवलेल्या वायरीला खरी गाठ बसूच शकत नाही. तिची होते ती वेणी. एक पिन काढायची, दुसऱ्या वायरीखालून नेऊन पुन्हा लावायची, असे आपणच तर करतो. म्हणून ओढाताण न करता एक टोक सोडवावे, वेणी आपोआप उलगडते.

उरलेल्या तेरा वायरींना मी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापून दोन्ही टोकांना नावे लावली. बांधण्यासाठी चिरंजीवांनी प्लॅस्टिकचे केबल टाय आणले होते. ही वस्तू १९५८ साली विमानातल्या वायरी बांधण्यासाठी अमेरिकेत निघाली; एकदा ओढली की कात्रीवाचून सुटका नाही. विमानात ते ठीक, घरात दर महिन्याला काहीतरी बदलते. मला बरी वाटली वेल्क्रोची पट्टी. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली रानटी बोंडे पाहून जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनिअरला ती सुचली. मॅचिंग सेंटरमध्ये मीटरवर मिळते, आणि शंभरदा सोडावी, शंभरदा बांधावी.

जास्तीची वायर गुंडाळताना पंजा आणि कोपर यांच्याभोवती लोकरीसारखी गुंडाळू नका. दर फेऱ्याला पीळ भरतो आणि आतल्या तारा शिणतात. एक वेटोळे सरळ आणि पुढचे उलट्या अंगाने घेतले की पीळाला पीळ मिटतो. नाटकातले ध्वनिवाले असेच करतात. पिनेपाशी वीतभर ढील मात्र ठेवावी.

बोर्ड वायरमनकडून टेबलाच्या फळीला खालून स्क्रूने बसवून घेतला. परदेशी टेबलांत ही सोय दिसते ती देखणेपणासाठी. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात, तेव्हा जमिनीवरचा बोर्ड म्हणजे पाण्यात ठेवलेली वीज. पलंगापासून दारापर्यंतची वाट आता मोकळी आहे.

राहिल्या त्या चार बेवारशी वायरी. त्यांत तांबे असते. त्या घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्याव्यात. मी तीन दिल्या. चौथी चिरंजीवांनी पिशवीतून परत काढून घेतली. कशाची आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. पण 'लागेल कधीतरी' म्हणतात.