वीस वर्षे वल्हे न सोडणारी एलिसाबेता



चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला आणि वल्हवण्याची शर्यत, म्हणजे रोइंग, आपल्या गावोगावी लोकांच्या तोंडी आली. शेतकऱ्याच्या घरातला हा जवान तेथे तेराव्या क्रमांकावर आला. या खेळात ऑलिंपिकची सर्वांत जास्त पदके मात्र एका बाईच्या नावावर आहेत. ती रुमानियाची एलिसाबेता लीपा. पाच सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य, अशी एकूण आठ.

आधी खेळ समजून घेऊ. नाव पुढे जाते, पण खेळाडूची पाठ शेवटच्या रेषेकडे असते. बसायची पाटी चाकांवर मागे-पुढे सरकते, म्हणून खरा जोर पायांचा लागतो. हात मागून येतात. प्रकार दोन. एकात प्रत्येकाच्या दोन हातांत दोन वल्ही. दुसऱ्यात प्रत्येकाकडे एकच लांब वल्हे, ते दोन्ही हातांनी ओढायचे. आठ जणींची नाव या दुसऱ्या प्रकारची. नववी सुकाणू सांभाळते आणि ताल देते.

एलिसाबेताचा जन्म १९६४ चा, रुमानियाच्या उत्तर टोकाच्या सिरेत या लहान गावी. १९८४ साली लॉस एंजेलिसला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने जोडीच्या नावेत पहिले सुवर्ण घेतले. मात्र पूर्व जर्मनीसारखे तगडे देश बहिष्कारामुळे त्या वर्षी आलेच नव्हते. खरी परीक्षा पुढेच होती.

तोवर बायकांची शर्यत १००० मीटरची असे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकपासून ती पुरुषांइतकीच, २००० मीटरची झाली. साडेतीन मिनिटांचा दम सात मिनिटे पुरवायचा आला. सेऊलला तिला एक रौप्य व एक कांस्य मिळाले, सुवर्ण हुकले. म्हणून ती घरी बसली नाही. चार वर्षे नव्या अंतराची तयारी केली आणि १९९२ साली बार्सिलोनात एकटीच्या नावेत सुवर्ण जिंकले. जोडीत रौप्यही मिळवले.

आता गंमत पाहा. एकटीने जग जिंकलेली ही बाई पुढे आठ जणींच्या नावेत बसली. दोन वल्ह्यांची सवय मोडून एक वल्हे धरले. या नावेत एखादीने स्वतःच्या जोरावर घाई केली, तर ताल बिघडून सगळ्यांचाच वेग मरतो. तिने तो ताल सांभाळला. अटलांटा १९९६, सिडनी २०००, अथेन्स २००४, तिन्ही वेळा सुवर्ण! शेवटच्या वेळी वय एकोणचाळीस. पुढे ती रुमानियाच्या रोइंग महासंघाची अध्यक्ष झाली आणि युवक व क्रीडामंत्रीही.

पहिल्या लागणीला उतारा पुष्कळांना मिळतो. शेतकऱ्याचा कस लागतो तो खोडव्याला. तिथे खत, पाणी, मशागत वेळेवर लागते. एलिसाबेताचे यश असे खोडव्यावरचे आहे.

आपल्याकडे मुलगी एकोणीस वर्षांची झाली की "आता पुरे झाला खेळ" असे आपण सहज म्हणतो. त्या वयात एलिसाबेताची चार सुवर्णे अजून मिळायची होती. आपल्या घरात एखादी मुलगी धावत असेल, कुस्ती किंवा कबड्डी खेळत असेल, तर "पुरे" म्हणण्याआधी एवढा हिशेब जरूर करा.

— ऊस विकास अधिकारी