काट्याने काटा

डास हा आकाराने क्षुद्र कीटक. परंतु हिवताप, डेंग्यू, हत्तीपाय अशा भयंकर रोगांचा प्रसार त्याच्यामुळे होतो. मात्र हा अपराध केवळ मादीचा असतो. अंड्यांच्या पोषणासाठी तिला रक्त लागते. नर कधीच चावत नाही. फुलांतील मधुरसावर तो गुजराण करतो. डासांच्या नाशासाठी मनुष्याने विषारी औषधे फवारली. प्रारंभी त्यांचा मोठा उपयोग झाला. पण विषाला न जुमानणारे थोडे डास मागे उरत आणि त्यांचीच प्रजा वाढत जाई. तेव्हा काट्याने काटा काढण्याचा विचार शास्त्रज्ञांना सुचला.

ब्रह्मदेशात रंगूनजवळ ओक्पो नावाचे खेडे आहे. हत्तीपायाचा प्रसार करणारे क्यूलेक्स डास तेथे विपुल होते. १९६७ साली लावेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत वाढविलेले निराळ्या वाणाचे सुमारे ५००० नर तेथे रोज सोडले. गावच्या माद्यांची त्यांच्याशी जोडी जमे. माद्या अंडी घालीत. परंतु ती उबत नसत. मादी बहुधा आयुष्यात एकदाच जोडीदार निवडते. त्यामुळे तिची सारीच अंडी वाया जात. प्रयोगाच्या अखेरीस गावात सापडलेला एकही अंडीपुंज उबला नाही!

ह्याचे कारण १९७१ साली उमगले. डासाच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे सूक्ष्म जंतू राहतात. नराच्या अंगी असलेला जंतूंचा वाण मादीच्या अंगी नसला, तर अंड्यातील जीव वाढत नाही.

आईबापांचे गुण संततीत उतरतात ते जनुकांच्या योगे. पुढे शास्त्रज्ञांनी डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाच्या नरात एक नवे जनुक घातले. अशा नराची बहुतेक संतती पूर्ण वाढ होण्यापूर्वीच मरते. २०११ साली ब्राझीलमध्ये असे नर मोकळे सोडण्यात आले.

तथापि हा उपाय सोपा नाही. नर सोडणे थांबले आणि शेजारच्या गावातून डास आले, की त्यांची वस्ती पुन्हा वाढते. शिवाय लोकांचा विश्वास संपादन करावा लागतो. १९७५ साली हरियाणातील सोनीपत येथे नर सोडण्याची सिद्धता झाली होती; परंतु वृत्तपत्रांतून व संसदेत शंका उपस्थित झाल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

शास्त्रज्ञांचे प्रयत्न चालूच आहेत. पण घराभोवती साचलेले पाणी काढून टाकणे, हा उपाय मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.