धुक्यात की झाडीत? : संदेशगोपनाचा एक खेळ

पावसाळ्यात लोणावळ्याहून राजमाचीच्या दिशेने घेतलेले एखादे करड्या छटांचे अंकीय छायाचित्र विचारात घेऊ. त्याचा एक भाग धुक्याने व्यापलेला, दुसरा दाट झाडीचा. प्रत्येक चित्रबिंदूची छटा ० ते २५५ यांपैकी एका अंकाने नोंदलेली असते. तो अंक एकाने बदलल्यास डोळ्यास भेद जाणवत नाही. अशा बदलांतूनच गुप्त संदेश चित्रात भरला जातो. मात्र डोळा फसला तरी संख्याशास्त्र फसेलच असे नाही. धुक्यात शेजारचे अंक जवळजवळ सारखे असल्याने तेथील फेरफार लवकर उघडा पडतो. झाडीत ते मुळातच अस्ताव्यस्त असतात. तेव्हा संदेश सदैव झाडीतच दडवावा, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु शोधणाराही हाच तर्क करणार. १६६१ साली कारतलबखान मावळातून कोकणात उतरत असता शिवाजी महाराजांनी त्याची वाट आधीच हेरली होती. उंबरखिंडीत मोगल सैन्य कोंडले गेले. आपली रीत प्रतिपक्षास ठाऊक आहे असे धरूनच चालावे, गुप्त ठेवावी ती केवळ किल्ली, हा केरखॉफ्स यांचा १८८३ मधील दंडक येथेही लागू पडतो.

सोयीसाठी काही आकडे कल्पू. शोधणारा एका वेळी एकच भाग तपासतो. योग्य भाग तपासल्यास संदेश धुक्यात सापडण्याची संभाव्यता ०.९, झाडीत ०.३. नेहमी झाडीच पत्करली तर धोका ०.३ राहतो. आता चारांतून एकदा, यदृच्छेने, संदेश धुक्यात ठेवावा. शोधणाऱ्याने धुके तपासले तर धोका ०.२५ × ०.९, झाडी तपासली तर ०.७५ × ०.३, दोन्ही गुणाकार ०.२२५ इतकेच! निकृष्ट जागेचा अधूनमधून आश्रय केल्याने धोका घटला. ही यदृच्छा किल्लीतून निघत असल्यामुळे खऱ्या ग्राहकास जागा ठाऊक असते.

शोधणाऱ्याची स्थिती याहून चमत्कारिक आहे. त्यानेही चारांतून तीनदा झाडीच तपासावी, म्हणजे जेथे त्याची दृष्टी अधू तेथेच. असे केल्यास प्रतिपक्ष काहीही करो, संदेश सापडण्याची संभाव्यता ०.२२५ च राहते. फॉन नॉयमन यांनी १९२८ साली सिद्ध केलेला समतोल तो हाच; श्योटल व ब्योमे यांनी २०१२ साली संदेशगोपनास तो याच धर्तीवर लावून दाखविला.

प्रत्यक्षातील तपासनीस मात्र एकाच भागावर थांबत नाही. तो संपूर्ण चित्र पाहून प्रत्येक बिंदूच्या साक्षीस कमीअधिक वजन देतो, आणि तेथे हे दोन रकान्यांचे कोष्टक अपुरे पडते.