पन्नास वर्षांचं पाणी, लाखो वर्षांची पाखरं

पैठणच्या नाथसागराला निसर्ग म्हणावं का? १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याआधी इथे वाहती गोदावरी होती, काठाला काळी रानं होती, नांदती गावं होती. ती पाण्याखाली गेली आणि जवळपास साडेतीनशे चौरस किलोमीटरचा जलाशय उभा राहिला. मराठवाड्याच्या शेतीसाठी, शहरांच्या नळांसाठी, कारखान्यांसाठी. पाखरं कुणाच्या आराखड्यात नव्हती. तरीही जेमतेम दहा वर्षांत, १९८६ मध्ये, या पाण्याला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर करावं लागलं. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत.

छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजांमध्ये कुठल्याही शाखेचा विद्यार्थी असो, पर्यावरणशास्त्राचा पेपर चुकत नाही. परिसंस्था, उत्क्रांती, जैवविविधता या तिन्हींच्या व्याख्या परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतात आणि पेपर संपताच विसरल्या जातात. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर हा सगळा अभ्यासक्रम पाण्यावर मांडून ठेवलेला आहे. थंडीत सोनेवाडीच्या काठावर एक सकाळ घालवली, तरी निम्मा पेपर सुटेल.

सुरुवात पाण्याच्या आकारापासून करायला हवी. जायकवाडी डोंगरांच्या घळीत बांधलेलं धरण नाही. ते पठारावरचं आहे, म्हणून पाणी खोल कमी आणि रुंद फार. फुगवटा परातीसारखा उथळ पसरलेला. पातळी थोडी उतरली, तरी काठाची कितीतरी जमीन उघडी पडते. पावसाळ्यात भरलेलं पाणी ऑक्टोबरनंतर जसजसं मागे सरकतं, तसतसा ओला, सुपीक गाळ वर येतो. शेतकरी त्यात गहू-हरभऱ्याची गाळपेर करतात, आणि पाखरांचीही पंगत तिथेच बसते. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो. त्यामुळे शेवाळ आणि पाणवनस्पती जोमाने वाढतात, त्यावर सूक्ष्म जीव, किडे आणि गोगलगायी पोसल्या जातात, त्यांच्यावर मासे, आणि या सगळ्यांवर पक्षी. अन्नाच्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ऊर्जेचा ढोबळमानाने दहावा हिस्साच पोहोचतो. म्हणून वर हजारो पक्षी दिसत असतील, तर खाली हिरव्याचं उत्पादन किती प्रचंड असेल याचा अंदाज बांधता येतो.

एवढी गर्दी भांडल्याशिवाय जेवते कशी, याचं उत्तर चोचींमध्ये आहे. घोटाभर पाण्यात शेकाट्या आपल्या लांब लाल पायांवर चालत सुईसारख्या चोचीने किडे टिपतो. चमचा नावाचा पक्षी चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत राहतो आणि काही लागलं की मिटतो. थापट्या बदक पृष्ठभागावरचं पाणी गाळतं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालून चोच चक्क उलटी करतो आणि जिभेने गाळमिश्रित पाणी आत-बाहेर ढकलत त्यातले सूक्ष्म जीव अडकवतो. या खाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे त्याच्या पिसांना गुलाबी रंग येतो. पाणी एकच, पण प्रत्येकाने आपला कोपरा आणि आपलं काम वेगळं ठरवलेलं.

‘ठरवलेलं’ म्हटलं खरं, पण इथे ठरवणारं कुणी नाही, आणि नाथसागरात तर ते मुळीच घडलेलं नाही. पन्नास वर्षांत अशा वेगवेगळ्या चोची घडत नाहीत. ही सगळी पाखरं आपापली अवजारं तयार करूनच इथे आली. परिसंस्था उभी राहायला एखादं दशकही पुरू शकतं. प्रजाती घडायला लागणारा काळ वेगळ्याच मापाने मोजावा लागतो.

याचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे पट्टकादंब. राखाडी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे असलेला हा हंस. उन्हाळ्यात तो तिबेट-मंगोलियाच्या पठारांवर वीण करतो आणि थंडीत हिमालय ओलांडून भारतात उतरतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं पाठीवर बांधून केलेल्या अभ्यासात यातल्या एका पक्ष्याची ७,२९० मीटर उंचीवरची उड्डाणनोंद मिळाली. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम चाळीस टक्के. अशा हवेत गिर्यारोहकाला चार पावलं टाकताना धाप लागते, आणि हा पंख मारत असतो.

रहस्य बऱ्याच अंशी रक्तात आहे. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत १४१ दुवे असतात. त्यातल्या ११९व्या जागी इतर हंसांमध्ये प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं, पट्टकादंबात अ‍ॅलानिन. प्रोलिन शेजारच्या बीटा साखळीला टेकतं. अ‍ॅलानिन लहान असल्यामुळे तो स्पर्श सुटतो, आणि विरळ हवेतूनही ऑक्सिजन पकडण्याची हिमोग्लोबिनची ओढ वाढते. नोबेल विजेते शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झ यांनी १९८३ मध्ये ही कल्पना मांडली. १९९१ मध्ये संशोधकांनी माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये मुद्दाम हाच बदल घडवून पाहिला, तेव्हा त्याचीही ऑक्सिजनची ओढ वाढली. गंमत पुढेच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात राहणाऱ्या एका हंसात त्याच जोडणीच्या दुसऱ्या बाजूला, बीटा साखळीत, बदल झालेला आढळतो. दोन खंड, दोन पर्वत, आणि अडचण सुटली ती एकाच सांध्यावर.

इथे एक गैरसमज मात्र फार घट्ट बसलेला आहे. हिमालय ओलांडायचा होता म्हणून पट्टकादंबाचं रक्त बदललं, असं आपण सहज बोलून जातो. क्रम उलटा आहे. असे बदल आपोआप, कुठलाही हेतू न धरता होत असतात. बहुतेक निरुपयोगी, काही घातक. एखादा उपयोगी पडला, तर ज्याच्यात तो असेल त्याची पिल्लं जास्त जगतात आणि पिढ्यांमागून पिढ्या तो पसरतो. एवढीच नैसर्गिक निवड. त्यामुळे सोनेवाडीच्या काठावर हरभऱ्याचे कोंब खुडणारा पट्टकादंब (शेतकऱ्याच्या शिव्या खातो, त्या रास्तच आहेत) स्वतःबरोबर एक फार जुनी कमाई घेऊन आलेला असतो. जैवविविधता म्हणजे नुसती जातींची यादी नव्हे, रक्तातला असा एकेक दुवाही त्यात धरावा लागतो.

उत्क्रांती सर्वांत वेगात कुठे झाली, असं विचारलं तर आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचं नाव घ्यावं लागतं. ते सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरडं पडून पुन्हा भरलं, आणि त्यानंतर तिथे सिक्लिड कुळातल्या माशांच्या सुमारे पाचशे जाती घडल्या. हा विक्रम. आणि विक्रमालाही पंधरा हजार वर्षं लागली. पुढे १९५०च्या दशकात माणसाने त्या सरोवरात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला. त्यानंतर काही दशकांतच त्या जातींपैकी कितीतरी नाहीशा झाल्या.

याच सिक्लिड कुळातला एक आफ्रिकी मासा पैठणच्या बाजारातही मिळतो. चिलापी, म्हणजे तिलापिया. तो भारतात आणला गेला १९५२ मध्ये. मादी फलित अंडी तोंडात घेते आणि पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस धोका दिसला की त्यांना पुन्हा तोंडात घेते. त्यामुळे पिल्लं जगण्याचं प्रमाण मोठं. आपल्या बहुतेक नदीमाशांना हे जमत नाही, ते हजारो अंडी सोडतात आणि नशिबावर ठेवतात. शिवाय वाहत्या गोदावरीत घडलेल्या माशांना साचलेलं पाणी परकं, चिलापीला मात्र मानवतं. पोटासाठी जाळं टाकणाऱ्याला चिलापी नको कसा असेल? पण मासळीच्या टोपल्या भरल्या म्हणजे जलाशय निरोगी, हा हिशेब खोटा आहे. बाहेरून जाती आल्या तर संख्या वाढते, आणि त्याच वेळी नदीचं स्वतःचं असं काही कमी होत असतं.

जायकवाडीबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते टक्क्यांत. किती टक्के भरलं, वरच्या धरणांनी किती सोडलं, कुणाच्या वाट्याचं कुणी अडवलं. तो वाद खरा आहे, मराठवाड्याच्या तहानेचा आहे. पण शंभर टक्के भरलेलं धरण हिवाळ्यातही तसंच राहिलं, तर गाळाचा काठ पाण्याखालीच राहतो आणि चालत खाणाऱ्या पाखरांना जागा उरत नाही. उलट २०१६च्या उन्हाळ्यासारखा साठा मृतसाठ्याच्या खाली गेला, तर मासेही जातात आणि पाखरंही. पाखरांना लागते ती हळूहळू ओसरण्याची लय.

आता याच पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प येऊ घातला आहे. अभयारण्याभोवतीचं क्षेत्र २०१७ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झालं. तरीही प्रकल्पाविरुद्धचा अर्ज आधी हरित लवादाने आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. मला सौर ऊर्जेला विरोध करण्याचं कारण दिसत नाही. वीज हवी आहे, आणि पाण्यावर सावली पडली तर बाष्पीभवनही कमी होईल. प्रश्न जागेचा आहे. भिंतीजवळच्या खोल पाण्यात पॅनेल टाकणं आणि फुगवट्याच्या उथळ काठावर टाकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उथळ पाण्यावरचा सूर्यप्रकाश अडवला की शेवाळ गेलं, मग किडे, मग मासे, मग रोहित. हे काठ मोकळे राहिलेच पाहिजेत, आणि ते नकाशावर आधी आखून दिले पाहिजेत.

त्यासाठी कुठे कोणता पक्षी किती येतो, याची वर्षानुवर्षांची नोंद लागते. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आणि भारतात ती १९८७ पासून सुरू आहे. ती करायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. दुर्बीण, वही आणि ओळख पटलेली वीस-पंचवीस पाखरं एवढ्यावर सुरुवात होते. शहरात सलीम अली सरोवरावर सराव करता येईल. जानेवारीत पैठणच्या रस्त्याला लागा, आणि जे दिसेल ते तारीख आणि ठिकाण घालून लिहून ठेवा.